खिडकीजवळच्या संगणकातला बेडूक

मित्रांनो, बेडूक दिसला की तुम्ही नाक मुरडून 'शी' म्हणता ना? म्हणा खुशाल. मीही एक जुना बेडूक आहे, डबक्यातला नाही, संगणकातला. आणि मला ज्या गोष्टीची किळस आली, तिच्यापुढे तुमची 'शी' म्हणजे काहीच नाही.

जपानमधल्या नीगाता शहरात तांदळाच्या कुरकुरीत चकत्या बनवणारी एक कंपनी होती. तिथल्या कार्यालयात मी सॉफ्टवेअरबरोबर आलो. पडद्याच्या कोपऱ्यात बसायचं, डोळे मिचकावायचे आणि 'काही मदत करू का?' असं विचारायचं, एवढंच माझं काम. लोक वैतागायचे. खरं सांगू? मीही वैतागायचो.

मग तिथल्या तामाकीसान नावाच्या बाईंनी ('सान' म्हणजे आपलं 'जी') माझ्यासाठी मॅक्रो लिहायला घेतले. मॅक्रो म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेले हुकूम: ये, वाक, बोल, जा. सकाळी कमरेतून वाकायला त्यांनीच मला शिकवलं. बेडकाला कंबर कुठली, पण जमलं! दुपारी गाल फुगवून मी चहाची आठवण द्यायचो. सगळे खूश. आणि हातोरीसान? ते तर पडद्यालाच उलट वाकून नमस्कार करायचे.

हातोरीसान सगळ्यांत वयस्कर. दारापासून सर्वांत लांब, खिडकीजवळ बसायचे. विभागप्रमुख कुरोइवांनी त्यांचं काम हळूहळू काढून घेतलं होतं. म्हाताऱ्यानं आपण होऊन नोकरी सोडावी, एवढीच त्यांची इच्छा. पण तोंडावर सांगायची हिंमत? ती नव्हती.

म्हणून त्यांनी काय केलं असेल? तामाकीसानचा मॅक्रो चोरला, त्यातले शब्द बदलले आणि गुपचूप खिडकीजवळच्या संगणकात घातला. हातोरीसाननी तिथे कुठलीही फाइल उघडली की मला हुकूम सुटायचा. मी जांभई द्यायचो आणि बोलायचो, "अजून इथेच? घरी कुणी वाट बघत नाही का?"

हातोरीसानची बायको वारली होती. कुरोइवांना ते ठाऊक होतं. शी! ती वाक्यं माझ्या तोंडातून निघायची तेव्हा मला माझ्याच जिभेची शिसारी यायची. पण हुकमाला नाही कसं म्हणणार?

हातोरीसान तरीही वाकायचे. मग एके दिवशी टेबलाखालच्या त्यांच्या सपाता घरी गेल्या. मग चहाचा कप.

"बेडूकसुद्धा कंटाळलाय मला," ते तामाकीसानना हसत म्हणाले. "महिनाअखेरीला जातो."

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून संचालक सेरिझावा आले. त्यांना विक्रीचे आकडे बघायचे होते. आता पाहुण्याला मानाची जागा द्यायची, आणि मानाची जागा म्हणजे दारापासून सर्वांत लांबची. कुरोइवांनी हातोरीसानना उठवलं, वाकून वाकून संचालकांना तिथे बसवलं आणि गडबडीत आपलाच मॅक्रो विसरून स्वतःच्या हातानं फाइल उघडली.

मी आलो. जांभई दिली. बोललो.

संचालकांनी वळून कुरोइवांकडे पाहिलं. तामाकीच्या बेडकात बिघाड झालाय, असं कुरोइवा पुटपुटले. तामाकीसान शांतपणे म्हणाल्या, की माझा बेडूक फक्त नमस्कार करतो आणि चहाची आठवण देतो. संचालकांनी विचारलं, रोज इथे कोण बसतं? हातोरीसान मान खाली घालून पुढे आले.

संचालक सगळं समजले. "कुरोइवा, बेडूक राहू दे. हेच वाक्य आता तुम्ही म्हणा. ह्यांच्या तोंडाकडे बघून."

कुरोइवांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बेडूक मी की ते, कळेना.

दुसऱ्या दिवशी कुरोइवांनी सगळ्या संगणकांवरून मला काढून टाकायचा हुकूम दिला. कात्री लागली ती मलाच! तामाकीसाननी त्याआधी दोनच हुकूम लिहिले: ये, वाक. मी आलो, वाकलो. समोर हातोरीसान उभे होते, परत आणलेला कप हातात धरून. तेही वाकले, माझ्याहून खाली.

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण जे स्वतःच्या तोंडानं म्हणवत नाही, ते माझ्यासारख्या मुक्याच्या तोंडी घालू नका. आम्हाला तोंड धुता येत नाही.