वादळाची वेळ मोजणारे घड्याळ

मित्रांनो, एकाच पेटीत दोन तबकड्या असलेले घड्याळ तुम्ही पाहिले आहे का? मी तसेच एक जुने, किल्लीचे, बुद्धिबळाचे घड्याळ आहे. खेळाडूने चाल करून माझ्या माथ्यावरचा खटका दाबला, की त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. ज्याची वेळ संपते त्याची लाल पट्टी खाली पडते आणि तो हरतो.

मला एका घड्याळजीने आपल्या मुलासाठी बनवले. दोन गजराच्या घड्याळांची यंत्रे त्याने एका लाकडी पेटीत बसवली. स्वतः तो एक स्क्रू फिरवण्याआधी तीनदा पाहणारा माणूस. मुलगा मात्र घोडा, हत्ती, प्रसंगी वजीरसुद्धा देऊन टाकी आणि समोरच्या राजावर तुटून पडे. लोक मुलाला 'वादळ' म्हणू लागले.

मला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. असे काही देऊन टाकण्याआधी वादळ खूप वेळ गप्प बसे. पुढे लग्न झाल्यावर एका मोठ्या स्पर्धेत तर चाळीस मिनिटे त्याने हात उचलला नाही. मग वजीर दिला आणि नवव्या चालीला मात केली. तेवढा वेळ काय बघत होतास, असे घरी बायकोने जेवताना विचारले. ती रुग्णालयात परिचारिका होती.

"चाल पाच मिनिटांत सापडली होती," तो म्हणाला. "उरलेला वेळ धीर गोळा करत होतो."

मी चकित झालो. म्हणजे पस्तीस मिनिटे मी त्याची भीती मोजत होतो!

पंचावन्नाव्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. बायकोने वेळ न दवडता त्याला रुग्णालयात नेले, म्हणून तो वाचला. पण उजवा हात गेला. त्याला वाईट वाटू नये म्हणून तिने पट, सोंगट्या आणि मला कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले. माझ्यातले तेल घट्ट झाले. बाहेरून फक्त तिचा आवाज येई. हळू, जपून, राहू दे. त्याचा आवाज जवळजवळ येईनासाच झाला.

आठ महिन्यांनी त्यांची मुलगी घरी आली. पुलांची तपासणी करणे हे तिचे काम. तिने मला खाली काढले, तेल दिले, किल्ली दिली आणि बाबांच्या डाव्या हाताशी ठेवले. दोघांना दहा-दहा मिनिटे. आता घड्याळ कशाला, असे आईने विचारले. मुलगी सोंगट्या मांडत राहिली.

डाव्या हातातून सोंगट्या निसटत होत्या. तरी त्याने आधी घोडा दिला, मग उंट दिला. त्याचे कान लाल झाले. मात दोन चालींवर आली होती! त्याने हत्ती उचलला. तो बोटांतून सुटला आणि टेबलाखाली गेला. तेवढ्यात माझी लाल पट्टी पडली.

आम्हां घड्याळांना बोलता येत नाही. पट्टी पडल्याचे समोरच्या खेळाडूनेच सांगायचे असते. आईने मुलीकडे पाहून हळूच मान हलवली, सांगू नकोस. मुलीचे डोळे भरले होते.

"बाबा, तुमची पट्टी पडली," ती म्हणाली. "तुम्ही हरलात."

"अगं, आजारी माणूस आहे तो," आई रागावली.

वादळाने आधी माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तो हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"एक तरी माणूस माझ्याशी खरं खेळलं," तो म्हणाला. "मांड पुन्हा."

आई खाली वाकली, टेबलाखालचा हत्ती तिने पदराने पुसला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या घरात ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी डाव होतो. आजवर वादळ सात वेळा हरला आहे आणि तीन वेळा जिंकला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या घड्याळाला रोज किल्ली द्या, अधूनमधून थेंबभर तेल घाला. आणि घरात कोणी आजारातून उठत असेल, तर त्याला जरूर जपा. पण त्याच्याशी खेळताना मुद्दाम हरू नका.