बाविसावं पान

ईश्वरप्पांनी पत्त्यांना गुंडाळलेलं रबर काढलं आणि मनगटात अडकवलं. महानंदा तसंच करायची.

"हितं ठेवा, अप्पा," चांगुणा म्हणाली. तिचा डावा हात सुयांसकट उशीवर होता. उजव्या हातानं तिनं पोटावरची चादर सपाट केली. शेजारचं मशीन रक्त नेत होतं, धुऊन परत आणत होतं. अजून तीन तास होते.

लातूरच्या ह्या डायलिसिसच्या खोलीत ईश्वरप्पा दीड महिन्यानं आले होते. त्याआधी तीन वर्षं ते बायकोला, महानंदाला घेऊन आठवड्यातून दोनदा यायचे. उदगीरहून पहाटेची एसटी, मोजून भरलेली पाण्याची बाटली, बिनमिठाचा डबा. खिडकीजवळच्या तिच्या खाटेवर आता दुसरी कुणी बाई होती. त्यांनी तिकडं बघितलं नाही.

पत्ते पुण्याहून भाचीनं, तनुजानं पाठवले होते. टॅरोचे होते, पण चित्रं चिनी. सोबतच्या पुस्तकातल्या गोष्टी तनुजानं फोनवर सांगितल्या आणि महानंदानं वहीत उतरवल्या. त्यातली मोठी बावीस पानं तेवढी ती जवळ ठेवायची; बावीस गोष्टी. म्हशीवर बसून गाव सोडून गेलेला शहाणा म्हातारा. औषध पिऊन चंद्रावर गेलेली बायको, आणि तिच्यासाठी अंगणात फळं मांडून बसणारा तिचा नवरा. महानंदा भविष्य सांगायची नाही. गोष्ट सांगायची आणि विचारायची, "आता तू सांग, ह्यातलं तुझ्यापाशी काय हाय?" ईश्वरप्पा बाहेरच्या बाकावर बसून आतला हशा ऐकायचे.

"महानंदाअक्कानं माझी तीन पानं मांडली व्हती," चांगुणा म्हणाली. "दोन उघडली. म्हशीवरचा म्हातारा, अन् आभाळाचा खांब मोडलेला. तिसऱ्याला हात घातला अन् तिचं मशीन वरडाय लागलं."

"हाव."

"ते तिसरं पायजे मला. बुद्धप्रिया मला तिची किडनी देतीय. समदे रिपोर्ट जुळले. आज माझी सही मागतेत. पोरीचं लगीन व्हायचंय अजून, अप्पा. तिच्या अंगावर टाके घालू का मी? हो म्हणाय जीभ उचलंना, अन् न्हाई म्हणलं की ती दोन दोन दिस जेवत न्हाई."

"मग पत्त्यावर ठरवता व्हय?"

"आमच्या घरात असलं कुणी मानत न्हाई. मी बी न्हाई. पर गोष्ट अर्धी राहिली की डोक्यात घोळत राहती."

ईश्वरप्पांनी पत्ते चादरीवर ठेवले. मग परत उचलले.

"ते पान माझ्यापाशी न्हाई, चांगुणाबाई."

चांगुणानं मान उचलली.

"त्या दिवशी नर्सबाईनं ते उचलून माझ्या हातात दिलं. मी न बघताच खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या लिंगायत रीतीनं तिला पुरायला समाधीत बसवली. जंगमानं विभूती लावली, बेल वाहिला, तवा खिशाला हात लागला. तिचं काम अर्धं ऱ्हाऊ नये म्हणून मांडीवर ठेवून दिलं. बेलाखाली. तुमचं हाय ते, हे ध्यानातच आलं न्हाई."

चांगुणाला हसू आलं. तिचं पोट हललं, चादर हलली.

"म्हणजे माझं पान मांडीवर घेऊन बसली म्हणा की."

"चुकलं माझं."

"वही आणली का? कुठलं गेलं ते तरी कळंल."

वही पिशवीत होती. चांगुणा पत्त्यांतलं एकेक पान बघून नाव सांगत गेली आणि ईश्वरप्पा पेन्सिलीनं वहीत खूण करत गेले. ह्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी बाकावरून ऐकल्या होत्या. चंद्रावरच्या बायकोपुढं समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ह्यांना सांगायची. तिथं पेन्सिल जरा थांबली.

शेवटी एकच पान राहिलं, पालथं. वहीत दोन ओळी राहिल्या होत्या. ईश्वरप्पांनी त्या वाचल्या.

"न्युवा. खांब मोडून आभाळ फाटलं तेव्हा तिनं पाच रंगांचे दगड वितळवून ते सांधलं." त्यांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "मेंग-पो. मेल्यावर लागतो त्या पुलावरची म्हातारी. एक वाटी सूप पाजते. प्यालं की माणूस घर, नवरा, आपलं नाव, सगळं विसरतं."

दोघंही पालथ्या पानाकडं बघत होते. हातात म्हातारी निघाली असती तर पुरलेलं पान दगडांचं ठरलं असतं, आणि तेच बरं झालं असतं, दोघांनाही.

ईश्वरप्पांनी पान उलटलं. पाच रंगांचे दगड होते.

"माझं पान म्हातारीचं निघालं तर," चांगुणा हळू म्हणाली.

ईश्वरप्पांनी आपला उजवा हात उलटा केला, सुलटा केला. ह्याच हातानं त्यांनी ते पान बेलाखाली सारलं होतं.

चांगुणानं दगडांचं पान त्यांच्याकडून घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"ह्या आभाळाचं ठिगळ दिसतं का वो? अक्का काय म्हणायची?"

"दिसतं, म्हणायची. पर आभाळ पडत न्हाई."

ती बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "म्हातारी अक्कासंगट गेली. माझ्यापाशी ही राहिली. बुद्धप्रियाला आत बोलवा. पेन घेऊन ये म्हणावं."

बुद्धप्रिया आली. पंचवीस-सव्वीसची, दाराशीच चप्पल काढून. आईनं कागद मागितला तेव्हा ती एकदम रडायला लागली.

"रडू नको गं. सही बिघडंल माझी," चांगुणा म्हणाली. "अन् आधी खाली जाऊन जेव."

पोरगी सही झालेला कागद घेऊन गेली. ईश्वरप्पांनी वीस पानं गोळा केली. मनगटावरचं रबर त्यांना पटकन निघेना.

"अप्पा."

"काय?"

"ते म्हातारीचं सूप अळणी असंल का वो?"

"काय की. असंल."

"मग अक्का कशाला पिती?"

ईश्वरप्पांचा हात रबरावरच राहिला. तीन वर्षं त्यांनी रोज अळणी वरण केलं होतं. एकदा पाठमोऱ्या महानंदाला भरलेली वाटी गुपचूप मोरीत ओतताना त्यांनी बघितलं होतं आणि काही न बोलता ओट्याकडं तोंड केलं होतं. मग ती आली, पदराला हात पुसले आणि रिकामी वाटी त्यांच्यापुढं धरली.

"संपवली बघा," म्हणाली होती.