मी कानातली कडी, औषध नव्हे

मी औषध नाही. माझी ओळख पुढे होईलच. पण हे आधी ऐकून घ्या. मी टायटॅनियमची एक लहानशी कडी आहे. इंग्लंडातील यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या लॉरेन ओल्डरॉइड यांच्या डाव्या कानात, भोकाच्या तोंडाशी कूर्चेची जी घडी असते, तिच्यात माझे वास्तव्य आहे.

कारखान्यात घासूनपुसून मला पाकिटात भरले, तेव्हा माझ्यावर एकच जबाबदारी होती : शोभून दिसणे. ती मी आनंदाने पत्करली होती. पुढे मी गोंदणाच्या दुकानात आले आणि दुकानदार डीन याने माझ्या वर पाटी लावली : 'अर्धशिशीवर खात्रीचा उतारा'. मला कोणी विचारले नाही.

लॉरेनबाई गावच्या पितळी वाद्यांच्या पथकात कॉर्नेट वाजवतात. एकल वादनाचा मान त्यांचाच. त्या वसंतात अर्धशिशीने त्यांना जेरीस आणले. तालमी बुडू लागल्या. स्पर्धेला पथकाबरोबर उभे राहता येईल की नाही, या धास्तीने त्या डीनकडे आल्या.

"ज्या बाजूला दुखतं, त्याच बाजूला टोचायचं," डीन म्हणाला. "इथली नस दाबली की डोकं गार."

"नक्की?"

"माझ्या मेव्हणीला विचारा ना!"

एवढ्या पुराव्यावर मी त्यांच्या कूर्चेत शिरले. कळ त्यांना आली. शरम मला वाटली.

पुढे काही आठवडे डोके दुखले नाही. आता विचार करा : माणूस नव्या उपायाच्या शोधात केव्हा निघतो? त्रास शिगेला पोहोचल्यावर. आणि शिगेला पोहोचलेला त्रास पुष्कळदा आपोआपच ओसरतो. तो ओसरला तेव्हा मी कानात होते, एवढेच माझे कर्तृत्व! तरीही तालमीच्या खोलीत चहाच्या वेळी बायका मला निरखू लागल्या. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या जॅनिसलाही अर्धशिशी होती; तिने तर स्वतःचाही कान टोचून घेतला. लॉरेनबाईंनी डॉक्टरांना न विचारता अर्धशिशीवरच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या.

त्यांचे वडील अर्नेस्ट हे पथकाचे जुने ढोलवादक. त्यांना हे रुचले नाही.

"गोळ्या कुठायत गं?"

"बिस्किटांच्या डब्यात. आता कडी आहे ना."

"मग गुडघ्यासाठी मी नाक टोचून घेऊ का?"

"बाबा, तुम्हाला थट्टाच सुचते. मला बरं वाटतंय, ते काय खोटं?"

"ते खरंच आहे, पोरी. कशानं वाटतंय, ते विचारतोय."

मला ओरडून सांगायचे होते, 'माझ्यामुळे नव्हे!' पण कानात बसूनही बोलता येत नाही, ही आमच्या जातीची शोकांतिका आहे.

दरवर्षीच्या स्पर्धेचा शुक्रवार उजाडला. त्या दिवशी पथके बसने गावोगाव फिरतात, रस्त्यातून वाजवत जातात आणि शेवटी चाकांवरच्या एका बंद खोलीसमोर उभी राहतात. आत परीक्षक पडदे ओढून बसलेला असतो. बाहेर कोणते पथक वाजवते आहे, हे त्याला कळू द्यायचे नाही, असा कडक दंडक आहे.

पहिल्या गावी सारे सुरळीत झाले. दुसऱ्या गावी, पडद्यासमोर उभ्या असतानाच, लॉरेनबाईंच्या डोळ्यांपुढे नागमोडी उजेड थरथरू लागला आणि स्वरलिपीचा अर्धा कागद दिसेनासा झाला. त्यांनी मला चिमटीत धरले, दाबले, गोल फिरवले. फिरवा, हवी तेवढी फिरवा! एकल वादन मध्येच तुटले. बसच्या आडोशाला त्यांना उलटी झाली. अर्नेस्टनी ओला रुमाल त्यांच्या कपाळावर धरला.

"या कडीनं दगा दिला, बाबा."

दगा? मी कधी, कोणाला शब्द दिला होता?

अर्नेस्ट हळूच म्हणाले, "परीक्षकाला आपण पडद्याआड का बसवतो गं? तो लबाड असतो म्हणून?"

"छे हो. प्रामाणिक माणसाचेही कान फसतात. ओळखीचं पथक गोडच लागतं."

"मग या कडीची परीक्षा घेताना पडदा कुठं होता?"

लॉरेनबाईंनी कपाळावरचा रुमाल काढून हातात घेतला. "पडदा कसला? ती जिंकावी म्हणून मी टाळ्या वाजवायलाच बसले होते."

गोळ्या चालू असत्या, तर तो झटका आलाच नसता, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले, तर डीनमध्ये आणि माझ्यात फरक तो काय उरला?

त्या पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. त्यांच्या सल्ल्याने गोळ्या परत सुरू झाल्या. झटके अजूनही येतात, मात्र विरळ. यंदा पडद्यासमोर एकल वादन शेवटच्या स्वरापर्यंत पोहोचले. मी तेथेच होते आणि मी काहीही केले नाही.

"कडीनंच गुण आला शेवटी!" जॅनिस म्हणाली.

"कडी मला शोभते, म्हणून ठेवलीय," लॉरेनबाई म्हणाल्या. "तू गोळ्या सोडल्या नाहीस ना गं?"

जॅनिस चहा ढवळत राहिली.

डीनच्या दुकानात माझ्या बहिणी अजून त्याच पाटीखाली उभ्या आहेत. ज्यांना आमचा महिमा गायचा आहे, त्यांनी आधी पडदा ओढावा, आमची चोख परीक्षा घ्यावी; निकाल काहीही लागो, मी तो मान्य करीन. तोवर मला दागिना म्हणा, मी चमकेन. औषध म्हणाल, तर तुमच्या कानात राहूनही मी तुमचे ऐकणार नाही.