चारशे सत्त्याऐंशी

"खोटं असेल तर खोटं म्हणा, बाई. माझ्या मनाचा विचार करू नका," असं म्हणत मामांनी दोनशे पानी वही टेबलावर ठेवली.

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात मामांची सत्तावीस वर्षं गेली होती, आणि बाईंची तिथंच विज्ञान शिकवण्यात एकवीस. हजार प्रयोग जुळले तरी सिद्धांत कायमचा पक्का होत नाही, पण एक फसला तरी तो मोडतो, हे बाई दरवर्षी मुलांना सांगत. मागे बेसिनपाशी उभ्या असलेल्या मामांनी ते एकवीस वेळा ऐकलं होतं. मनावर बहुधा त्यांनी एकट्यानेच घेतलं होतं.

मामांना नाद भागाकाराचा. एकाला सातने भागलं की दशांशचिन्हापुढे सहा आकडे येतात आणि तेच पुन्हा पुन्हा फिरत राहतात. सातच्या वर्गाने, म्हणजे एकोणपन्नासने भागलं की हा फेरा बेचाळीस आकड्यांचा होतो, बरोबर सातपट. अकराचा फेरा दोन आकड्यांचा, एकशे एकवीसचा बावीस. मूळ संख्येचा वर्ग केला की फेरा तितक्याच पटीने वाढतो, हा मामांचा नियम. दोन आणि पाचला फेराच नसतो. तीन ऐकत नव्हता, त्याला त्यांनी अपवाद म्हणून पहिल्याच पानावर बाजूला बसवलं होतं. शंभराच्या आतल्या बाकी सगळ्या मूळ संख्या त्यांनी हाताने भागून पाहिल्या होत्या. नऊ वर्षं लागली.

"माझ्या निरोप समारंभात सांगावा म्हणतो. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

बाईंनी वही कपाटात ठेवली. मग चाचण्या आल्या, सासूबाईंचं ऑपरेशन आलं, आज बघू उद्या बघू करत तीन महिने गेले. समारंभाच्या दिवशी सकाळी मामा दारात येऊन उभे राहिले.

"बघितली हो," बाई म्हणाल्या. "बरोबर दिसतंय सगळं."

मामांनी सभागृहात फळ्यावर नियम लिहिला आणि सांगितलं, "बाईंनी तपासलाय." टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या, पण मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या भाचीला गाठलं. तिने नियम संगणकाला लावला आणि चहा गाळून होईपर्यंत उत्तर आलं. चारशे सत्त्याऐंशीचा फेरा चारशे शहाऐंशी आकड्यांचा, आणि त्याच्या वर्गाचाही तेवढाच. एका आकड्यानेही जास्त नाही.

बाई तशाच मामांच्या घरी गेल्या. ऐकून मामांनी कागद ओढून वर्ग काढला. मग म्हणाले, "म्हणजे दोन लाख सदतीस हजार एकशे एकोणसत्तरने भागायचं. मी करून बघतो."

"संगणकाने केलंय, मामा."

"हो, पण नियम माझा आहे ना."

आतून मामी म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर तरी भाजी निवडतील म्हटलं होतं."

नवव्या दिवशी मामा शाळेत आले. चारशे शहाऐंशीव्या पायरीला बाकी एक उरली होती. फेरा तिथंच पुरा झाला होता. त्यांनी मुख्याध्यापकांकडून प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं मागून घेतली. त्याच सभागृहात, त्याच मुलांपुढे ते म्हणाले, "मागं सांगितलेला नियम चुकीचा आहे. बाईंनी शेवटपर्यंत पिच्छा पुरवला, म्हणून कळलं. त्यांचे आभार." या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते मुलांना कळेना.

मुलं वर्गात गेल्यावर बाई त्यांच्यापाशी आल्या. "मामा, तेव्हा मी वही उघडलीच नव्हती."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"सदतिसाव्या पानावर उतरवताना माझा आकडा चुकलाय. मलाही वही तुम्हाला दिल्यावर कच्च्या कागदांवरून कळलं. तुमच्या नजरेतून तो सुटला नसता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

मामा चपला शोधत होते. "तुम्ही एकदा खोटं बोलला होतात, बाई. मी विचारलं असतं तर दुसऱ्यांदा बोलावं लागलं असतं."

ते गेले. पहिल्या तासाची घंटा झाली. बाई स्टाफरूममध्ये गेल्या नाहीत. रिकाम्या सभागृहात मुलांच्या बाकावर बसून त्यांनी कपाटातून काढून आणलेली वही उघडली आणि पहिल्या पानापासून, एकेका आकड्यावर बोट ठेवत वाचायला सुरुवात केली.