पंचांगानं दिलेला महिना

माझ्या बायकोने, राहीबाईने, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. बहात्तर सालच्या संक्रांतीला डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. दिवाळीपर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मंग समुद्र बघू." मला वाटलं होतं, काशी म्हणेल.

समुद्र मुंबईलाही दिसला असता. पण आमची मुलगी पुष्पावती अंदमानात, पोर्ट ब्लेअरला. जावई कानिफनाथ तिथे बांधकाम खात्यात. तिच्या प्रत्येक पत्रात एकच धोशा, आई, इथलं पाणी इतकं निळं की कंबरभर पाण्यातही आपली पावलं दिसतात. आणि मागच्या वर्षीच्या एका पत्रात बजावलेलं होतं, ज्येष्ठ लागला की इथे पाऊस कोसळतो, त्याच्या आत या.

मी नगरच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. तारीख कशी ठरवावी हे मला कोणी शिकवू नये. चैत्रातल्या बोटीची तिकिटं मिळत होती. पण पंचांग उघडलं तर यंदा वैशाख अधिक, म्हणजे ज्येष्ठ थेट बारा जूनला. मी खूश झालो. "पंचांगानं एक महिना फुकट दिलाय," मी म्हणालो. "माझे पेन्शनीचे कागद होऊ देत, अधिक संपू दे, मग सावकाश निघू."

"आवो, मिरगाला कुठं अधिक म्हैना असतो?" राहीबाई म्हणाली. "त्यो त्याच्या टायमालाच येतो."

कुणब्याच्या घरची ती, नक्षत्रं तिला तोंडपाठ. मी हसून म्हणालो, "मृग आपला. तिथलं पोरीने लिहिलंय ना, ज्येष्ठ म्हणून." माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो हे तिला तीस वर्षांत कळलं होतं.

दौंडहून मद्रास, मद्रासहून चार दिवस बोट. निज वैशाखातल्या एकादशीला बोट धक्क्याला लागली. मी डेकवर आलो आणि जागच्या जागी थिजलो. समोर बेटच दिसेना. नुसता पांढरा पाऊस, आणि त्याच्याखाली राखेच्या रंगाचं काहीतरी उसळत होतं. तोच समुद्र. आमच्याजवळ छत्रीसुद्धा नव्हती. वैशाखात नगरचा माणूस छत्री कशाला बांधून नेईल?

आमच्याकडे दोन वर्षं धड पाऊस नव्हता, सावेडीच्या विहिरींनी तळ गाठला होता. आणि इथे रस्त्याच्या कडेने घोटाभर पाणी धावत समुद्राला मिळत होतं. राहीबाई भिजत तिथेच थबकली. "येवडं पानी," ती म्हणाली, "आन् सगळं वाया?" मी तिला ओढून आडोशाला नेलं.

घरी पोचल्यावर पुष्पावतीने कपाळाला हात लावला. "अण्णा, मागच्या वर्षी ज्येष्ठ मेच्या पंचवीस तारखेला लागला होता. पाऊस दर वर्षी याच सुमाराला येतो. यंदा अधिक महिना आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुमची तारीख कळल्यावर येऊ नका म्हणून पत्र टाकलं मी." ते पत्र आम्हाला परतल्यावर दाराखाली पडलेलं सापडलं. त्या क्षणी मात्र कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला.

परतीची बोट सतरा दिवसांनी होती. कधीतरी उघडीप होईलच, मी मनाशी धरून बसलो. तोवर हिच्या डोळ्यांना शीण नको. ती खिडकीशी जाऊन बसायची आणि मी खिडकी लावून घ्यायचो. "डोळे राखून ठेव," म्हणायचो. "समुद्र निळा झाला की उघडू."

"पाऊस तरी बघू द्या की," ती म्हणायची.

"पावसासाठी एवढ्या लांब आलो का आपण? पाऊस काय, नगरला पाहशील."

मी आंघोळीला गेलो की ती खिडकी बोटभर उघडायची. मी आलो की संतापून पुन्हा लावायचो. सतरा दिवसांत समुद्र एकदाही निळा झाला नाही.

आम्ही नगरला आलो. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुढची नक्षत्रंही तशीच. लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागले. राहीबाईची नजर कडेकडेने विझत गेली. गणपतीत तिला आरतीच्या ताटातली ज्योत तेवढी दिसली. शेवटचा भरवशाचा पाऊस हस्ताचा. त्याला गावाकडे हत्ती म्हणतात.

ऑक्टोबरात एका दुपारी तिने विचारलं, "हत्ती गेला व्हय?"

"काल संपला. कोरडाच."

"म्हंजे आता पाऊस फुडल्या मिरगालाच."

"हो," मी म्हणालो. मला अजूनही काही कळलं नव्हतं.

"मंग माजा शेवटचा पाऊस त्योच. पुष्पीच्या घरचा. फटीतून दिसला तेवडा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उद्या भाजी कोणती करायची ते सांगावं तसं ती बोलली. ज्या पावसाला मी सतरा दिवस शिव्या घातल्या, तो तिचा शेवटचा होता, आणि मीच तिच्या तोंडावर खिडकी लावत होतो. मी भिंतीला धरून उठलो आणि घरातली खिडकी सताड उघडली. बाहेर लख्ख ऊन होतं, ते थेट तिच्या तोंडावर आलं.

"उघडली का?" तिने विचारलं.