विहिरीवरचा बल्ब

हितेंद्र भुसावळजवळच्या वीज केंद्रात कामाला. दिवसभर वीज तयार करायची आणि अमावस्या जवळ आली की जिथे ती पोचत नाही अशी जागा हुडकायची, हा त्याचा क्रम. त्याला नाद आकाश बघायचा, आणि अंधुक दीर्घिका, म्हणजे दूरदूरची ताऱ्यांची विश्वं, उजेडाच्या जवळपासही फिरकत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये तो दुर्बीण घेऊन सासुरवाडीला, शिरपूरजवळच्या निंबा आबांच्या केळीच्या मळ्यात आला.

मळ्यात अंधार होता, भीती फक्त वीज आली की लागणाऱ्या एका बल्बची. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच यायची, कधी ते कोणी सांगत नव्हतं. वीज आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचच्या भरवशावर आबांची एक मोटार जळाली होती. तेव्हापासून ते विहिरीवरच्या बल्बखाली खाट टाकून झोपत. तोंडावर उजेड पडला की उठून मोटार चालू करत. दोन दिवस केळीला पाणी नव्हतं, पानं माना टाकत होती.

हितेंद्रने बल्ब काढायची परवानगी मागितली. वीज आली की शेजारच्या मळ्यांतले बल्ब लागतील, मी जागाच आहे, लगेच उठवतो, म्हणाला. जावयाला नाही कसं म्हणणार? आबांनी स्वतः बल्ब काढून दिला आणि पाठ फिरवून घोरू लागले.

डोळे अंधाराला सरावावेत म्हणून हितेंद्रने डोक्यावरून काळं कापड ओढलं आणि कन्या राशीत शोध सुरू केला. रोखून पाहिलं तर काही नाही, जरा बाजूला पाहिलं तर काहीतरी असल्यासारखं. बऱ्याच वेळाने दीर्घिका सापडली. पाटीवर ओलं बोट फिरवल्यावर उरतो तेवढा डाग, पण पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाचा. हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला राहवेना. कापड फेकून तो खाटेकडे धावला.

"लाईट उनी का?" आबा उठून बसले.

हितेंद्रने तेव्हा कुठे आजूबाजूला पाहिलं. शिवारातले सगळे बल्ब लागलेले होते, किती वेळापासून कोण जाणे. आबा स्टार्टरपाशी पोचले, बटणावर बोट ठेवलं, आणि दाबायच्या आत वीज गेली, सगळे बल्ब एकदम विझले.

आबांनी बटणावरचं बोट काढलं. जावयावर ओरडायची सोय नव्हती.

"आते बठ्ठा अंधारच शे, पाव्हणा," सगळ्या काळोख्या शिवाराकडे हात करत ते म्हणाले. "देखा निवांत."

आणि खाटेवर जाऊन आडवे झाले. हितेंद्रला भयंकर लाज वाटली. थोड्या वेळाने त्याने दुर्बिणीला डोळा लावला. दीर्घिका आधीपेक्षा स्पष्ट दिसत होती.