साल संपायच्या आत

आमच्या गटातल्या पुरुषमंडळींना एखादं काम पुढे ढकलायचं असलं की आधी चहा सुचतो आणि मग मुहूर्त. त्या दिवशी चहा दोनदा झाला, तेव्हाच मी ओळखलं की आता मुहूर्त येणार.

सावद्याच्या बसस्टँडमागे आमच्या केळी गटाची कचेरी होती. मी तिथली कॉम्प्युटरवाली. कुणाची बाग कधी लावली, घड कधी भरतील, कुणाचा माल कोणत्या दिवशी कापून दिल्लीच्या ट्रकमध्ये चढवायचा, ही पाळी कॉम्प्युटर लावायचा आणि मी तिचा कागद काढून फळ्यावर चिकटवायची. पूर्वी पाळी तोंडी लागायची तेव्हा कचेरीत चपला उडायच्या. केळीचं कसं, घड भरला की तो कुणासाठी थांबत नाही. कापणी लांबली तर बागेतच पिवळा पडतो, आणि मग दिल्लीचा व्यापारी त्याच्याकडे बघतही नाही. यंत्र आलं आणि भांडणं मिटली, कारण यंत्राला मेहुणा नसतो.

तर त्या यंत्राचं वय झालं होतं. नव्व्याण्णव सालची गोष्ट. जळगावचा इंजिनियर रतिलाल येऊन सगळ्यांसमोर सांगून गेला, "यातली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. मार्च संपला की कंपनी तिच्याकडे बघणार नाही. बिघडली तर मला बोलावू नका, माझ्याकडेही औषध नसेल. शिवाय पुढच्या जानेवारीत दोन हजार साल लागलं की हे एकोणीसशे समजेल." म्हणजे यंत्राच्या मते आमच्या बागा अजून लागायच्याच होत्या आणि लावणाऱ्यांचे बापही जन्मले नव्हते.

"मग मार्चच्या आत नवं घेऊ," मी म्हणाले.

जीवराम नाना गटाचे अध्यक्ष. ऐंशी एकर केळी आणि बोलणं मोजकं. त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला.

"कुंदाबाई, आपण सालदार कधी बदलतो?"

"आखाजीला," मी म्हणाले, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात हे शाळेतलं पोरही सांगेल. शेतातल्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला सुरू होतं आणि आखाजीला संपतं. मध्येच त्याला कुणी काढत नाही, तोही मध्येच जात नाही.

"मंग याले काहून मधातच काढायचं? एवढे वरीस राबला तो. आखाजीले नवा येईन, आखाजीलेच जुना जाईन. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हाये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कौतिकभाऊ तर म्हणाले, "नाना बराबर बोलले, कंपनीचं साल मार्चले संपत असीन, आपलं नाही संपत." झालं. मार्च संपल्यापासून आखाजीपर्यंतचे सगळे दिवस यंत्र बेवारशी चालणार होतं आणि ते कुणाला टोचलंही नाही.

मला मात्र दुसरंच टोचलं. आखाजीला मी धुळ्याला जाणार होते.

सासरवाशिणीने आखाजीला माहेरी जायचं, यात काही नवल नाही. पण ही आखाजी झोक्यावर बसून गाणी म्हणायची नव्हती. माझे वडील, दादा, दिवाळीनंतर गेले. गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर आंबा आणि सांजोरी, आणि नाव घेऊन कुंकवाचं बोट. दादांची ही पहिली घागर. मला भाऊ नाही. चुलतभाऊ रुपचंद तयारच होता, घागर पुरुषानेच भरावी असं त्याच्या घरात ठरलं होतं. पण आईने मला निरोप धाडला होता, तू ये, तूच भर. दुपारच्या आत भरायची असते.

आणि मला ती भरायचीच होती. दादा आजारी पडले तेव्हा कापणीचा जोर होता. मी नानांकडे रजा मागितली. नाना म्हणाले होते, दोन दिवस थांब, एवढे ट्रक जाऊ दे. मी थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुळ्याहून फोन आला, तेव्हा मी पाळीचाच कागद काढत होते. नानांवर राग धरला नाही असं मी लोकांना सांगते. धरलाय. चांगला घट्ट धरलाय.

"आखाजीला मी नसेन," मी सभेतच सांगितलं. "घागर आहे माझ्या वडिलांची."

"त्या दिवशी कापणी नसतेच," नाना म्हणाले. "सकाळी मुहूर्तावर नवं चालू कर, जुन्यातली माहिती त्याच्यात घाल, दुसऱ्या दिवसाची पाळी काढ आणि दुपारी जाय."

माहिती घालायला अर्धा दिवस आणि धुळ्याला पोचायला उरलेला. दुपारी निघून मी दुपारच्या आत कशी पोचणार होते, ते नानांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मार्च संपला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सकाळी कचेरीचं कुलूप काढायचं, बटण दाबायचं आणि पडदा उजळेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. आधी मला वाटायचं, देवा, चालू होऊ दे. सगळ्या गावाचा माल याच्या पोटात आहे. मग एका सकाळी माझ्याच लक्षात आलं की मी उलटं मागतेय. आज बंद पडलं तर नानांना आजच नवं आणावं लागेल. मग आखाजीला मी मोकळी. त्या दिवसापासून मी रोज त्याच्या मरणाची वाट पाहायला लागले, आणि मेलं रोज चालू व्हायचं. घरघर करायचं, मध्येच थांबून विचार करायचं, पण पाळी बरोबर काढून द्यायचं. मला त्याचा संताप यायचा, आणि मग लाजही वाटायची. जेवणावरून मन उडालं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं.

"तुझं काय चाललंय?" आमचे हे, भाईदासराव, म्हणाले. ते शाळेत गणित शिकवतात, त्यांना वाटतं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. "नवं यंत्र आधी मागवून ठेवा. जुनं आणि नवं चार दिवस शेजारीशेजारी चालू दे."

उत्तर बरोबर होतं. मी नानांकडे गेले. नाना ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"एका दावणीले दोन सालदार?" ते म्हणाले. "जुन्याचं साल बाकी हाये अजून. त्याच्या डोळ्यादेखत नवा आणून बसवू?"

"नाना, ते यंत्र आहे. त्याला डोळे नाहीत."

"आपल्याले हायेत ना."

वाईट माणूस असता तर भांडणं सोपं गेलं असतं. नाना खरंच तसं मानत होते.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी रतिलाल खोके घेऊन आला. नानांनी ते बाहेरच्या खोलीत ठेवायला लावले, उघडायचे नाहीत. मी जुन्यावर बसले. आखाजीनंतरच्या दिवसाची पाळी काढली, त्याच्या पुढच्या दिवसाचीही काढली, फळ्यावर लावली. मग पिशवी उचलली. नाना दारातच होते.

"कुठी चालली?"

"धुळ्याला. उद्या नारळ फोडा, रतिलालभाऊ नवं चालू करून देतील. रिकामंच चालू होईल, पण मुहूर्त साधेल. जुन्याला हात लावू नका. परवा मी येते, माहिती त्याच्यातून काढते, मग त्याला निरोप द्या."

"आणि तेवढ्यात जुनं बंद पडलं तर? सगळ्यांच्या बागा त्याच्यात हायेत. कंपनी येनार नाही, रतिलाल हात वर करीन."

खरं होतं. मलाही ते माहीत होतं.

"नाना, तुमच्या वडिलांची घागर तुम्ही कधी दुसऱ्याला भरायला सांगितली?"

नाना दारातून बाजूला झाले.

"मी दादांसाठी एकदा थांबले तुमच्या शब्दावर. आता नाही थांबणार. कामावरून काढायचं असेल तर तेही उद्याच काढा, मुहूर्त चांगला आहे."

बाहेर पडले ती थेट बसस्टँडवर. भुसावळला गाडी बदलली, जळगावला बदलली. पारोळ्यापर्यंत मला वाटत होतं, उतरावं आणि परत फिरावं. गाडीत माहेरी निघालेल्या बायका हसत होत्या, पोरं आंब्यासाठी रडत होती, आणि मी मनात त्या यंत्राच्या पाया पडत होते. तू इतके दिवस ऐकलं नाहीस तेच बरं केलंस, आता अजून दोन दिवस चाल.

सकाळी अंगणात भाऊबंद जमले. रुपचंद धुवट धोतर नेसून घागरीजवळ येऊन बसलाच होता. आई घरातून आली.

"रुपचंद, ऊठ बेटा," ती म्हणाली. "कुंदा भरी."

"काकू, लोक काय म्हनतीन?"

"बठ्ठा काय म्हनतस ते म्हनू दे. बाप तिना शे."

रुपचंद उठला. बिचाऱ्याने तांब्या माझ्याच हातात दिला. मी पाणी ओतलं, मडकं ठेवलं, आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. कुंकवाचं बोट लावताना दादांचं नाव घेतलं, पूर्ण नाव, त्यांच्या बापासकट. पण रडू आलं नाही. डोक्यात त्या यंत्राची घरघर चालू होती.

तेवढ्यात शेजारच्या सुनंदाबाई भिंतीवरून ओरडल्या, "कुंदा, सावद्याहून फोन!"

हात पुसायलाही थांबले नाही, तशीच त्यांच्या घरात धावले. फोन कानाला लावला.

"मी जीवराम बोलतो."

"बोला नाना."

"जुनं बंद पडलं."

"कसं?"

"चूक माही," नाना म्हणाले. "जाता जाता त्यालेही हळद-कुंकू लावावं म्हनून सकाळी चालू केलं. पडदा उजळला आन् गेला. रतिलालनं लई खटपट केली. तो म्हनतो, आतलं काही हाती लागनार नाही."

सगळ्या बागा, सगळ्या तारखा, माझी इतक्या वर्षांची बोटं.

"मी येते," मी म्हणाले. "आत्ताची गाडी मिळाली तर..."

"थांब. घागर भरली का वं?"

"भरली."

"तुह्या हातानं?"

"हो."

पलीकडे मागे कौतिकभाऊंचा चढलेला आवाज येत होता, माझी बाग आधी लागली, माझीच आधी. कुणीतरी त्यांना खोटं पाडत होतं.

"ऐकलं ना?" नाना म्हणाले. "सुरू झालं. सगळ्याइले बोलावलं मी, ज्याच्या त्याच्या तोंडून तारखा घेतो आता. भांडू, पन लावू पाळी. तू मायजवळ राह्य. बोलावल्याबिगर येजो नको."

फोन ठेवला. आई भिंतीपलीकडून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हने सावदावाला? जानं पडी का?"

"नाही," मी म्हणाले, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले.